‘स्टार्ट’ बटण मायक्रोसॉफ्टला परत का आणावे लागले?

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचे विंडोज ८ बाजारात आले. विंडोज ९५पासून पडद्याच्या कोपऱ्यात असलेले ‘स्टार्ट’ बटण त्यात नव्हते. वर्षानुवर्षे संगणकावर काम करणाऱ्यांनाही तो बंद कुठून करायचा, असा प्रश्न पडू लागला. वर्षभरातच, ऑक्टोबर २०१३मध्ये आलेल्या विंडोज ८.१मध्ये, ते बटण परतले. एका बटणावरून एवढे का अडावे? याचे उत्तर संगणकाचा पडदा रचण्याच्या दोन जुन्या तत्त्वांत आहे: सुसंगती आणि सापडण्याची सोय.

सुसंगती म्हणजे काय?

सारखे काम सगळीकडे सारख्याच पद्धतीने होणे, म्हणजे सुसंगती. १९८०च्या दशकात डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती नव्हती. लोटस १-२-३मध्ये ‘एफ१’ दाबले की मदत मिळे. वर्डपरफेक्ट ५.१मध्ये मात्र त्याच कळीने आज्ञा रद्द होई. मदतीसाठी ‘एफ३’ दाबावी लागे. कोणती कळ काय करते हे लक्षात राहावे म्हणून वर्डपरफेक्ट वापरणारे कळफलकावर छापील पट्टी ठेवत. एक प्रोग्रॅम शिकून झाला तरी दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१९८४मध्ये आलेल्या मॅकिंटॉशवर ॲपलने हे बदलले. कमांड कळीसोबत एक्स दाबल्यास कट, सीने कॉपी, व्हीने पेस्ट. पत्र असो वा चित्र, कळा त्याच. १९८७मध्ये आयबीएमनेही आपल्या प्रोग्रॅमसाठी समान नियम जाहीर केले. मदतीसाठी ‘एफ१’ आणि खिडकी बंद करण्यासाठी ‘ऑल्ट’ व ‘एफ४’, हे त्यांतले नियम विंडोजवर आजही चालतात.

सापडण्याची सोय कशाला?

सुसंगती असली तरी पहिल्यांदा कळायचे कसे? ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ने कॉपी होते, हे पडद्याकडे नुसते बघून कुणालाही समजणार नाही. ते काम मेनू करतो. आज्ञा पाठ करण्याऐवजी यादीतून ओळखायची, हा त्यामागचा विचार. आणि आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे असते.

चांगला मेनू नुसती यादी देत नाही, तो शिकवतोही. आत्ता न चालणारी आज्ञा फिकट दिसते, पण जागेवरून हलत नाही. त्यामुळे असे काही करता येते, हे कळते. नावापुढे तीन टिंबे असतील, तर आधी काही विचारले जाईल, लगेच काही होणार नाही. उजव्या बाजूला त्याच कामाच्या कळा लिहिलेल्या असतात. रोज मेनू उघडणारा माणूस हळूहळू त्या कळा शिकतो आणि एक दिवस मेनू उघडायचे सोडतो. सोबतीला ‘अनडू’ हवेच. चूक मागे घेता येते याची खात्री असेल, तरच माणूस नवे काही दाबून बघतो.

विंडोज ८मध्ये काय बिघडले?

२०१०मध्ये आयपॅड आल्यावर बोटाने चालणाऱ्या पडद्यांची मागणी वाढली होती. टॅब्लेट आणि डेस्कटॉप दोन्हींना एकच रचना चालावी, असा मायक्रोसॉफ्टचा प्रयत्न होता. टॅब्लेटवर कडेवरून बोट आत सरकवले की पट्टी उघडे. हातात धरलेल्या पडद्यावर हे सहज जमते. माऊसवाल्यांना मात्र त्यासाठी उजव्या कोपऱ्यात पॉइंटर न्यावा लागे, आणि त्या कोपऱ्यात काहीच दिसत नसे. संगणक बंद करायचा तर ती पट्टी उघडून आधी ‘सेटिंग्ज’, मग ‘पॉवर’. म्हणजे सापडण्याची सोय गेली.

सुसंगतीही मोडली. डेस्कटॉपवरच्या खिडकीला बंद करण्याची फुली होती, पण नव्या धाटणीच्या ॲपला नव्हती. ते वरून धरून तळापर्यंत ओढावे लागे. सेटिंग्जही दोन ठिकाणी विभागली गेली: काही जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, काही नव्या पडद्यावर.

कंपनीला एकेक पाऊल मागे यावे लागले. ८.१मध्ये बटण आले, पण ते नव्या स्टार्ट पडद्यावरच नेई. एप्रिल २०१४च्या अपडेटमध्ये ॲपना फुली मिळाली. पूर्ण स्टार्ट मेनू परतला तो जुलै २०१५मध्ये, विंडोज १०सोबत.

किंमत कोण मोजतो?

अशा बदलांचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. सराईत माणूस इंटरनेटवर शोधून वाट काढतो. वहीत ‘आधी इथे क्लिक, मग तिथे’ असे लिहून काम शिकलेल्या कारकुनाची किंवा निवृत्त माणसाची वही मात्र एका अपडेटने निरुपयोगी होते. त्यात बहुतेक जण दोष रचनेला न देता स्वतःला देतात: ‘मला हे जमत नाही.’ तक्रार केली जात नाही, आणि चूक तशीच राहते.

म्हणून नव्या रचनेची परीक्षा दोन साध्या प्रश्नांनी घेता येते. काल शिकलेले आज उपयोगी पडते का? आणि ज्याला काहीच माहीत नाही, त्याला पुढचे पाऊल पडद्यावर दिसते का? विंडोज ८मध्ये डेस्कटॉपवाल्यांसाठी दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे होते.