कोंकोलाची खाण नेमकी कुणाची?

सप्टेंबर २०२३ मध्ये झांबिया सरकारने कोंकोला कॉपर माइन्स ही कंपनी वेदांता समूहाच्या हाती पुन्हा द्यायचं ठरवलं. आपल्याकडे बहुतेकांनी ही बातमी 'भारतीय उद्योगपतीने आफ्रिकेतली खाण परत मिळवली' अशी वाचली. या एका वाक्यात बरेच गैरसमज दाटीवाटीने बसले आहेत. खाण मुळात गेली कधी होती? गेली ती जमीन, जमिनीखालचं तांबं, परवाना की कंपनीचे शेअर? आणि भारतीय उद्योगपतीची म्हणजे भारतातल्या कंपनीची, असं धरून चालायचं का?

आधी ठिकाण पाहू. झांबियाच्या उत्तरेला, काँगोच्या सीमेला लागून तांब्याचा पट्टा आहे. त्याच्या उत्तर टोकाला चिलिलाबोम्ब्वे गावापाशी कोंकोलाची भूमिगत खाण आहे, तर दक्षिणेला चिंगोलापाशी न्चांगाच्या खाणी आणि वितळभट्टी. शुद्धीकरणाचा कारखाना त्याहून खाली, किट्वे शहरात. हे सगळं मिळून कोंकोला कॉपर माइन्स, म्हणजे तिथल्या बोलण्यातली 'केसीएम'. खनिज मात्र कंपनीचं नाही. झांबियाच्या कायद्यानुसार जमिनीखालचं खनिज प्रजासत्ताकाच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या नावे असतं आणि कंपनीला मिळतो तो ते काढण्याचा परवाना. खाण 'विकली' जाते तेव्हा हात बदलतात ते शेअर, यंत्रसामग्री, देणी आणि परवाना.

'स्वातंत्र्य मिळालं आणि तांबं झांबियाचं झालं'

तांबं त्या भागातले लोक युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून काढत आणि ओतत होते. गोऱ्या शोधकांनी जे 'शोधलं' ते बहुतेक जुन्या खोदकामांच्या खुणांवरूनच. हक्काची गोष्ट त्याहून विचित्र आहे. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने १८९० मध्ये लोझी राजा लेवानिका याच्याशी करार केला आणि त्याच्या आधारावर उत्तर ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झांबियाच्या, खनिजांवर दावा सांगितला. लेवानिकाचं राज्य पश्चिमेला, झांबेझीच्या वरच्या खोऱ्यात होतं आणि तांब्याचा पट्टा तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही पुढची कित्येक दशकं खाणींची रॉयल्टी या कंपनीच्या तिजोरीत जात राहिली. २४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या दिवशी सौदा झाला : कंपनीने हक्क सोडायचे आणि त्याबद्दल तिला ४० लाख पौंड मिळायचे, निम्मे ब्रिटनकडून, निम्मे झांबियाकडून. आपल्याच जमिनीखालच्या खनिजासाठी नव्या देशाला पहिल्याच दिवशी पैसे मोजावे लागले.

रॉयल्टी सरकारकडे आली, पण खाणी अँग्लो अमेरिकन आणि रोअन सिलेक्शन ट्रस्ट या दोन गटांकडेच राहिल्या. ऑगस्ट १९६९ च्या मातेरो घोषणेत राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी ५१ टक्के हिस्सा मागितला आणि १ जानेवारी १९७० पासून तो सरकारचा झाला. इथेही 'खाणी ताब्यात घेतल्या' हे चित्र फसवं आहे. मोबदल्यात सरकारने व्याजाचे रोखे दिले आणि कारभार जुन्याच कंपन्यांच्या हाती, त्यांना शुल्क देऊन, ठेवला. ते रोखे मुदतीआधी फेडून व्यवस्थापनाचे करार संपवायला १९७३ उजाडलं. त्यानंतर १९८२ मध्ये सगळ्या खाणी 'झेडसीसीएम' या एका कंपनीत आल्या.

'सरकारीकरणाने सोन्यासारख्या खाणी मातीत गेल्या'

हे वाक्य आपल्याकडे खासगीकरणाच्या बाजूने बोलताना नेहमी ऐकू येतं. आकडे त्याला साथ देतात असं वाटतं : १९६९ मध्ये देशाचं तांब्याचं उत्पादन सात लाख टनांच्या वर होतं, २००० च्या सुमारास ते अडीच लाख टनांच्या आसपास उतरलं होतं. पण मधल्या तीस वर्षांत काय काय घडलं ते बघा. सरकारी मालकीच्या पहिल्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९७० ला, मुफुलिराच्या खाणीत वरच्या टाकाऊ गाळाचा साठा आत घुसला आणि ८९ कामगार गेले. १९७३ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियाची सीमा बंद झाली. १९७५ मध्ये अंगोलातला बेंग्वेला रेल्वेचा मार्गही यादवीत अडकला. समुद्रकिनारा नसलेल्या देशाचं तांबं बंदरापर्यंत न्यायचं कसं हाच प्रश्न होता. चीनने बांधलेली १,८६० किलोमीटरची टाझारा रेल्वे त्याच वर्षी पुरी झाली म्हणून निदान वाट राहिली. त्यात १९७४ नंतर तांब्याचा भाव कोसळला आणि तेल महागलं.

झेडसीसीएमचा कारभार निर्दोष नव्हता. खाणीचा पैसा सरकारी खर्चाकडे वळत गेला, नवीन शाफ्ट आणि यंत्रांवरचा खर्च पुढे ढकलला गेला, आणि खोल जात चाललेल्या खाणींना हे परवडणारं नव्हतं. पण हीच कंपनी खाणवस्त्यांत दवाखाने, शाळा, क्रीडामैदानं चालवत होती, पाणी आणि कचऱ्याची सोय बघत होती. खासगी मालक आले तेव्हा यातलं बरंचसं कुणाच्याच वाट्याला गेलं नाही. तोट्याचा हिशेब मांडताना हा रकाना सहसा रिकामा सोडला जातो.

'अडीच कोटी डॉलरला खाण, म्हणजे फुकटच'

सगळ्यात लोकप्रिय गैरसमज हाच, आणि तो पसरायला खुद्द वेदांताचे अनिल अगरवाल यांनी हातभार लावला. बंगळुरूच्या एका समारंभातल्या त्यांच्या भाषणाची चित्रफीत २०१४ मध्ये झांबियात पोचली. सरकारला ४० कोटी डॉलर हवे होते, आपण अडीच कोटी देऊ केले आणि आता ती खाण दरवर्षी निदान ५० कोटी डॉलर देते, असं ते श्रोत्यांना रंगवून सांगत होते. झांबियात संताप उसळला, तो समजण्यासारखाच आहे.

पण अडीच कोटी ही कशाची किंमत होती? वेदांताचा तो व्यवहार २००४ चा, पण तो समजायला आणखी चार वर्षं मागे जावं लागतं. ३१ मार्च २००० ला खासगीकरण झालं तेव्हा कोंकोला घ्यायला अँग्लो अमेरिकन पुन्हा आली, तीस वर्षांपूर्वी निम्म्याहून अधिक हिस्सा सोडलेली तीच कंपनी. तिच्या गटाकडे ६५ टक्के, जागतिक बँक समूहातली आयएफसी आणि ब्रिटनची सीडीसी यांच्याकडे प्रत्येकी साडेसात, सरकारी झेडसीसीएम-आयएचकडे २० टक्के. जेमतेम दोन वर्षांत, जानेवारी २००२ मध्ये, अँग्लोने बाहेर पडायचं जाहीर केलं. तांबं टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास होतं आणि कोंकोलाचं खोल खनिज काढायचा खर्च त्या भावात बसत नव्हता. जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक कंपनी खाण टाकून निघते तेव्हा गिऱ्हाईकांची रांग लागत नाही.

आणि कोंकोला ही नुसती कुलूप लावून ठेवता येईल अशी खाण नाही. जगातल्या सर्वांत पाणथळ खाणींत तिची गणना होते. इथून रोज सुमारे तीन लाख घनमीटर, म्हणजे तीस कोटी लिटर पाणी वर उपसावं लागतं. मुंबई महापालिका शहराला रोज जेवढं पाणी पुरवते त्याचा हा साधारण बारावा-तेरावा हिस्सा झाला. पंप चालवायला वीज लागते, विजेचं बिल दर महिन्याला येतं, तांबं विकलं जावो न जावो. पंप थांबले तर खाण बुडते. १९५७ मध्ये 'बँक्रॉफ्ट' या नावाने सुरू झालेली ही खाण भाव पडल्यामुळे पुढच्याच वर्षी बंद पडली होती आणि १९५९ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे मालक कुणीही असो, हा प्रश्न जन्मापासूनचा आहे.

म्हणून नोव्हेंबर २००४ मध्ये वेदांताने ५१ टक्के हिस्सा घेतला तो तांब्याइतकाच पंपांच्या बिलाचाही होता. तरीही माझ्या मते झांबियाचा सौदा वाईटच होता, पण त्याचं कारण अडीच कोटी हा आकडा नाही. खरं नुकसान त्या काळच्या विकास करारांमध्ये होतं. खासगी कंपन्यांना बोलावताना सरकारने बहुतेक खाणींना रॉयल्टी ०.६ टक्के इतकी कमी ठेवली आणि करांचे नियम वर्षानुवर्षं बदलणार नाही असा शब्द दिला. २००६ मध्ये तांबं टनाला आठ हजार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा देशाच्या वाट्याला वाढीव भावातलं फारसं काही येईना. राष्ट्राध्यक्ष लेवी म्वानावासा यांच्या सरकारने २००८ मध्ये हे करार मोडून जादा नफ्यावर कर बसवला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव तीन हजारांच्या खाली आला आणि २००९ मध्ये तो कर मागे घेतला गेला. याच २००८ मध्ये वेदांताने झेडसीआय या कंपनीकडचे २८.४ टक्के शेअर २१ कोटी ३० लाख डॉलरला घेतले. तेच केसीएम, निम्म्याहून थोड्याच अधिक हिश्श्याला आठपटीहून जास्त रक्कम. खाणीची किंमत काढताना तारीख विचारायची असते ती यासाठी.

अगरवालांच्या पन्नास कोटींबद्दल एवढंच : उलाढाल, खर्च आणि व्याज जाण्याआधीची मिळकत आणि हाती उरणारा नफा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. समारंभातल्या भाषणात त्या एकच होतात, कर भरायच्या वेळी पुन्हा वेगळ्या होतात.

'२०१९ मध्ये झांबियाने खाणीचं राष्ट्रीयीकरण केलं'

केलं नाही, आणि यातच मेख आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगू यांच्या सरकारने आरोप केला की वेदांता कबूल केलेली गुंतवणूक करत नाही आणि कराबाबत खरं सांगत नाही. वेदांताला हे मान्य नव्हतं. सरकारच आपला कराचा परतावा थकवतं अशी तिची तक्रार होती. सरकारने खाण ताब्यात घेणारा कायदा मात्र केला नाही. २०.६ टक्के शेअर असलेल्या झेडसीसीएम-आयएचने लुसाकाच्या उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याचा अर्ज केला आणि तात्पुरता अवसायक नेमला गेला. अल्पसंख्य भागधारकाने बहुसंख्य भागधारकाला दारातच अडवलं. वेदांताचे ७९.४ टक्के शेअर कागदोपत्री वेदांताकडेच राहिले, चाव्या गेल्या.

राष्ट्रीयीकरण असतं तर मोबदल्याचा प्रश्न आला असता. इथे आला तो लवादाचा. भागधारकांच्या करारात वाद लवादाकडे न्यायचं ठरलेलं होतं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाच्याच अपील न्यायालयाने त्या कारणावरून अवसायनाची कारवाई थांबवली. खाण मात्र अवसायकाच्या हाती होती, नवी गुंतवणूक नव्हती आणि स्थानिक पुरवठादारांची बिलं तुंबत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये हकाइंदे हिचिलेमा निवडून आले. त्यांच्या सरकारने दोन वर्षांच्या वाटाघाटीनंतर खाण परत दिली ती अटींवर : पाच वर्षांत एक अब्ज डॉलरची गुंतवणूक, स्थानिक देणेकऱ्यांसाठी २५ कोटी डॉलर, कामगारांना २० टक्के पगारवाढ. देणेकऱ्यांशी तडजोड होऊन प्रत्यक्ष ताबा मिळायला २०२४ चा मध्य उजाडला.

ज्या झेडसीसीएम-आयएचला आपण सहज 'सरकार' म्हणतो, ती स्वतः लुसाका आणि पॅरिसच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. बहुतांश शेअर सरकारचे, सगळे नाहीत.

'झांबियाचं तांबं चीनने गिळलं'

चिनी कंपन्या चांबिशी आणि लुआन्शामध्ये आहेत. लुआन्शाच्या खाणीची चित्तरकथा कमी लोकांना ठाऊक आहे : १९९७ मध्ये ती भारतातल्या बिनानी समूहाने घेतली आणि २००० मध्ये ती कंपनी बुडाली. चिनी कंपनी तिथे २००९ मध्ये आली. पण देशाच्या मोठ्या खाणींपैकी कान्सान्शी आणि सेंटिनेल कॅनडाच्या फर्स्ट क्वांटमकडे, लुम्वाना बॅरिककडे, आणि मोपानीचा ५१ टक्के हिस्सा २०२४ पासून अबू धाबीच्या कंपनीकडे आहे.

'प्रदूषण केलं स्थानिक कंपनीने, लंडनच्या मालकाचा काय संबंध?'

नोव्हेंबर २००६ मध्ये न्चांगाचं आम्लयुक्त सांडपाणी काफुए नदीत गेलं आणि चिंगोला शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. आसपासच्या गावांतल्या १,८२६ लोकांनी पुढे केसीएमबरोबर तिच्या मूळ कंपनीवर, वेदांता रिसोर्सेसवर, लंडनमध्ये दावा लावला. दाव्याचं ठिकाण झांबिया, तेव्हा इथे यायचंच कशाला, हा कंपनीचा युक्तिवाद होता. १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मूळ कंपनी उपकंपनीच्या कारभारात किती लक्ष घालते त्यावर तिची काळजी घेण्याची जबाबदारी ठरू शकते, असं निकालात होतं. जगभरच्या खाण कंपन्यांचे वकील तो आजही वाचतात. जानेवारी २०२१ मध्ये दोष कबूल न करता तडजोड झाली. तोवर दावेदार अडीच हजारांवर गेले होते.

वेदांता समूह रत्नागिरीकरांना नवा नाही. याच समूहाच्या स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीत यायचा होता. १९९३ मध्ये लोकांनी विरोध केल्यावर काम थांबलं आणि १९९४ मध्ये कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. २०१८ मध्ये तिथे आंदोलकांवर गोळीबार होऊन १३ जण मेले आणि कारखाना बंद झाला. काफुएच्या बाबतीत मात्र सगळा दोष एका समूहावर टाकता येणार नाही : १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीतल्या एका चिनी कंपनीचा गाळाचा बांध फुटला आणि तेच आम्ल त्याच नदीत गेलं.

राहिला शेअर बाजारातला गैरसमज. मुंबईत नोंदलेल्या वेदांता लिमिटेडचे शेअर ज्यांच्याकडे आहेत, त्यातल्या काहींना वाटतं की कोंकोलाही आपल्याच कंपनीची. २०१२-१३ मध्ये सेसा गोवा आणि स्टरलाइट यांचं विलीनीकरण होऊन ही कंपनी आजच्या रूपात आली, तेव्हा कोंकोला त्यात घेतली गेली नाही. ती थेट लंडनच्या वेदांता रिसोर्सेसकडे राहिली. वेदांता रिसोर्सेस २०१८ मध्ये लंडन शेअर बाजारातून बाहेर पडली आणि अगरवाल कुटुंबाच्या मालकीची आहे. तेव्हा कोंकोलाच्या वितळभट्टीतून यंदा कमी तांबं निघालं की जास्त, याने वेदांता लिमिटेडच्या ताळेबंदात काही हलत नाही. मूळ कंपनीवर कर्जाचं ओझं वाढलं, तर ते फेडायला लाभांशाचा पैसा लिमिटेडकडून वर जातो, आणि एवढ्यापुरता गोव्याच्या लोखंडाचा चिलिलाबोम्ब्वेच्या तांब्याशी संबंध येतो.