बालसंरक्षणाचे दप्तर आणि लोकांचा माहितीचा अधिकार

शासनाच्या ताब्यातील बालसंरक्षणविषयक कागदपत्रे लोकांस पाहावयास मिळावीत काय, या प्रश्नाचे उत्तर सरसकट होकारार्थी वा नकारार्थी देता येत नाही. एकाच दप्तरात दोन भिन्न वर्गांचे कागद असतात: काही बालकाविषयीचे, काही संस्थेविषयीचे.

पहिल्या वर्गाबाबत कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ अन्वये बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटविणारा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. कलम ९९ प्रमाणे समितीपुढे वा मंडळापुढे आलेले बालकाविषयीचे अहवाल गोपनीय मानावयाचे असतात. मात्र पीडित बालकास स्वतःच्या प्रकरणाची कागदपत्रे नाकारता येत नाहीत. ही गोपनीयता बालकाच्या हितार्थ योजिलेली आहे, हे या तरतुदीवरून उघड होते.

दुसऱ्या वर्गाची गोष्ट निराळी. कलम ५४ अन्वये निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक बालगृहास भेट देऊन अहवाल सादर करावयाचा असतो. हे अहवाल संस्थेच्या कारभाराचे साक्षीदार होत. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील शासकीय अनुदानावर चालणाऱ्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ साली उघडकीस आले, ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या सामाजिक अंकेक्षणामुळे. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयाने एकोणीस जणांस दोषी ठरविले. बालकाच्या गोपनीयतेचा पडदा संस्थेवरही पडला, तर त्याची किंमत बालकासच द्यावी लागते, असा याचा बोध आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम १० अन्वये वर्ज्य भाग वगळून उरलेला दस्तऐवज देता येतो. ओळख पटविणारा मजकूर गाळून तपासणी अहवाल देण्याचा मार्ग हाच. तथापि गाळणी विवेकाने व्हावयास हवी. लहान गृहात विशिष्ट वयाचे एकच बालक असल्यास केवळ वयाची नोंदही त्याची ओळख उघड करते.

याच अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) मध्ये व्यापक लोकहिताचा अपवाद अंतर्भूत होता. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने तो वगळला आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. आता वैयक्तिक माहितीपुरता लोकहिताचा आधार कलम ८(२) मध्येच शोधावा लागतो. म्हणून संस्थेची माहिती ही ‘वैयक्तिक’ नव्हे, हा भेद प्रत्येक निर्णयात कटाक्षाने राखणे पूर्वीपेक्षा अधिक अगत्याचे झाले आहे.