पडायच्या दाढेसाठी

"दुधाची दाढ हाय की डॉक्टर. पडायचीच ती. काढून टाका आन् मोकळी करा पोरीला."

साताऱ्यातल्या या दवाखान्यात फक्त लहान मुलांचे दात बघतात आणि आजींचं हे वाक्य इथे रोज कुणी ना कुणी म्हणतंच. डॉक्टरांनी वाद घातला नाही. पडद्यावर एक्स-रे लावला आणि आपलं स्टूल आजींच्या जवळ ओढून घेतलं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते.

खालच्या जबड्यातली ती दुसरी दुधाची दाढ. तिची दोन मुळं पाय फाकवून उभं राहावं तशी रोवलेली, आणि त्यांच्या मधोमध एक पांढुरका कोंब. "ही तिची पक्की दाढ, आजी. अजून पाच-सहा वर्षं ती आतच वाढणार. वरची दाढ तिची जागा राखून बसलीय. आता हे मागं बघा. सहाव्या वर्षाची मोठी दाढ वर येतेय. मधली आपण आज काढली, तर ही पुढं सरकते. मग खालचीला यायला वाटच उरत नाही. वाकडी येते, नाहीतर हाडातच अडकते."

आजी बराच वेळ त्या कोंबाकडे बघत राहिल्या.

मग प्रश्न सुरू झाले. गोड खाल्ल्यावर दुखतं ते लगेच थांबतं, की ठणकत राहतं? रात्री झोपेतून उठून रडते का? हिरडीवर पुळी आली होती का? साडेपाच वर्षांच्या या मुलीला खातानाच कळ यायची आणि थोड्या वेळात जायची. रात्रीची झोप शांत. आजी दाढेत लवंग धरायला लावत. या उत्तरांवरच पुढचं सगळं ठरतं. दाढेतला जिवंत गर, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, तो फक्त वरच्या भागात बिघडला असेल, तर तेवढाच काढतात आणि मुळांतला जिवंत ठेवतात. ही पल्पोटॉमी. बिघाड मुळांपर्यंत गेला असेल, तर सगळी मुळं साफ करावी लागतात. ती पल्पेक्टॉमी. दुधाच्या दाताचं वरचं कवच पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं आणि आतला गर मानाने मोठा, म्हणून कीड आत पोचायला वेळ लागत नाही.

"दाढेला झोपवायचं औषध लावते हं. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन." आधी हिरडीवर गोड वासाची जेल, मग इंजेक्शन. मुलीने एकदा हात वर केला, आणि डॉक्टर खरंच थांबल्या. त्यानंतर तिने हात वर केला नाही. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसला. थुंकी आत जायला नको आणि औषध घशात जायला नको. मुलीला सांगितलं, "दाढेला रेनकोट घातला."

पाण्याच्या फवाऱ्यात यंत्र फिरू लागलं. तपकिरी, मऊ झालेली कीड आधी कडांची काढली, मग तळाची. दाढेतल्या गराच्या पोकळीचं छत उघडलं तसा आत लाल ठिपका दिसला. धारदार, इवल्याशा चमच्याने वरचा गर निघाला, सलाइनने जागा धुतली, आणि ओलसर कापसाचा बोळा दाबून डॉक्टरांनी हात स्थिर धरला. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

त्या सकाळचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं, वाट बघणं. पाच मिनिटांच्या आत रक्त थांबलं, तर मुळांतला गर निरोगी आहे असं समजायचं. वाहतच राहिलं, तर बिघाड खाली उतरलाय आणि बेत बदलायचा. एक्स-रेत न दिसणारी गोष्ट इथे रक्त सांगतं. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टरांनी बोळा अलगद उचलला. तळाशी मुळांची तोंडं दिसत होती, फिकट लाल आणि कोरडी. मदतनीस ताई लगेच औषध कालवायला वळल्या.

हे औषध म्हणजे एमटीए. अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेलं, १९९३ पासून दंतवैद्यकाला ठाऊक झालेलं. घराच्या बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटच्या जवळच्या नात्यातलं, म्हणून ओलीतच घट्ट होतं. कालवल्यावर ओल्या वाळूसारखं दिसतं. मुळांच्या तोंडांवर त्याचा थर, वर साधं सिमेंट, आणि शेवटी डब्यातून मापाची स्टीलची कॅप. बसताना 'टक्' असा आवाज आला, तशी मुलगी दचकली आणि मग हसली.

मुळं पूर्ण साफ करावी लागली असती, तर त्यांत मोठ्यांच्या रूट कॅनालमधलं टिकाऊ गट्टा-पर्चा भरलं नसतं. पक्की दाढ वर येऊ लागली की दुधाच्या दाढेची मुळं झिजत जातात, तेव्हा आतलं भरणही त्यांच्याबरोबर विरघळायला हवं. म्हणून तिथे विरघळणारी पेस्ट भरतात. दाढ टिकवायची, पण तिची जायची वेळ आली की अडवायची नाही, एवढं भान या कामात सतत ठेवावं लागतं.

माझी सगळ्या आईबापांना कळकळीची विनंती आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्ही स्वतः करा. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दात दाखवून आणा. साताऱ्यातल्या त्या खुर्चीवर ही मुलगी धीराची ठरली, पण तिथवर यायची वेळ टळण्यासारखी होती.

"ओठ दोन-तीन तास बधीर राहील, चावून घेईल, लक्ष ठेवा," डॉक्टर आजींना म्हणाल्या. "आणि ही कॅप दाढेबरोबरच पडेल. तेव्हा मला आणून दाखवायची."

"कधी पडेल?" मुलीने जड जिभेने विचारलं.

"तू पाचवी-सहावीत जाशील तेव्हा."

आजी पदराखाली बोटांवर वर्षं मोजू लागल्या.