अंधारात कोण जागं आहे?

रमजानमध्ये घराची रात्र बदलते. इशाची नमाज आणि त्यानंतरची तरावीह आटोपून मोठी माणसं उशिरा घरी येतात आणि पहाटे सहरीसाठी पुन्हा उठतात. अशा वेळी चार-पाच वर्षांचं मूल कधी कधी दचकून जागं होतं. शेजारी अम्मी नसते, खोलीत अंधार असतो आणि स्वयंपाकघरातून कसला तरी आवाज येतो. रोजा मोठ्यांचा असला, तरी रात्र त्याचीही बदललेली असते. भोरच्या आळीत काय किंवा वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर काय, वीज गेली की हाच प्रसंग कोणत्याही घरात, कोणत्याही महिन्यात घडतो.

अंधाराची भीती साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात डोकं वर काढते. मुलाची कल्पनाशक्ती तेव्हा झपाट्याने वाढत असते, पण मनातलं कोणतं आणि खरं कोणतं, हे पक्कं झालेलं नसतं. खुंटीवरच्या सदऱ्याचा माणूस होतो तो यामुळेच. बहुतेक मुलांची ही भीती वयाबरोबर ओसरते.

अडचण होते ती आपण मोठी माणसं तिला खतपाणी घालतो तेव्हा. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल.’ बागुलबुवाला चेहरा नसतो, म्हणून आपण त्याला चेहरा देतो. एका घरात तो दाढीवाला फकीर असतो, दुसऱ्या घरात जटावाला गोसावी. मूल गुपचूप झोपतं, पण अंधाराबरोबर त्या वेशाचीही धास्ती घेऊन झोपतं. अंधाराची भीती पुढे जाते. माणसाची भीती जाईलच, असं नाही.

खरं तर पहाटेच्या अंधारात आपल्या दारी कोण येत आलं आहे? मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. रमजानमध्ये डफ वाजवत, सहरीची हाक देत फिरणारा फकीर. दोघेही अंधारातच येतात, आणि येतात ते लोकांना जागं करायला. झोपताना सांगायच्या गोष्टीत त्यांना आणून बसवलं, तर पहाटेचा आवाज मुलाच्या ओळखीचा होतो.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याबद्दल हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एका रात्री मदिनेत मोठा आवाज झाला आणि लोक घाबरले. आवाजाच्या दिशेने काही जण निघाले, तर पैगंबर समोरून परत येताना दिसले. घोड्यावर खोगीरही न घालता ते एकटेच आधी जाऊन पाहून आले होते. घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. घाबरलेल्यांना ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी करायचं ते हेच: आधी आपण पाहून यायचं आणि मग सांगायचं.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना इक्बाल यांची ‘हमदर्दी’ ही कविता आठवत असेल. १९२४ च्या ‘बांग-ए-दरा’ संग्रहात ती आहे. अंधार पडला, आता घरट्यात कसं जावं, या चिंतेत एक बुलबुल फांदीवर बसला आहे. त्याचं रडगाणं ऐकून काजवा येतो आणि वाट उजळून द्यायला तयार होतो. आपल्याकडच्या मुलांना हा काजवा पुस्तकात शोधावा लागत नाही. पावसाच्या तोंडावर वेल्हे आणि भोरच्या डोंगरात झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. हे पाहायचं, तर अंधार हवाच.

हवा स्वच्छ असली, की तोरण्यावरून रायगड दिसतो. तिथल्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ खाली घरी होतं, म्हणून ती रात्रीच कडा उतरून गेली. मुलाला ही गोष्ट सांगताना एक वाक्य जरूर घालावं: हिरकणीलाही भीती वाटली असेल. शूर माणूस घाबरतच नाही, असं सांगितलं, तर घाबरणारं मूल स्वतःला भित्रं समजून बसतं.

गोष्टीला थोडी कृतीची जोड द्यावी. मुलाच्या हातात छोटी बॅटरी द्यावी आणि ती लावणं-विझवणं त्याच्यावर सोपवावं. गोष्ट चालू असताना दिवा थोडा मंद करावा. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. सहरीला उठण्याआधी, म्हणजे रात्री झोपतानाच, ‘पहाटे मी स्वयंपाकघरात असेन, हाक मार,’ असं सांगून ठेवावं. मात्र बाहेरच्या अंधाराची गोष्ट वेगळी. आपल्या भागात साप आहेत, बिबट्याही आहे. अंगणापलीकडे रात्री मोठ्या माणसाबरोबरच जायचं, हेही न घाबरवता सांगता येतं. आणि भीतीमुळे रोजची झोप, खाणं किंवा शाळा बिघडू लागली, तर डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

एखाद्या रात्री गोष्ट सुचलीच नाही, तर दिवा मालवून मुलाला विचारावं, ‘आत्ता कोण कोण जागं असेल?’ झाडावरचा पिंगळा. सरकारी दवाखान्यातली सिस्टर. गावात मुक्कामी आलेल्या एसटीचा ड्रायव्हर झोपला असेल की जागा? बेकरीतले काका पाव भाजायला उठले असतील का? पुढची नावं मूल स्वतःच घालू लागेल. सगळी नावं संपायच्या आत बहुधा त्याचा डोळा लागलेला असेल.