चष्मेवाल्याच्या काउंटरवरची पेटी

चष्मेवाल्याकडे काउंटरच्या एका टोकाला जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची पेटी असते. तो तुमचा चष्मा त्यातल्या पाण्यात सोडतो आणि बटण दाबतो. पेटी किरकिरू लागते, आणि नोजपॅडच्या मागून काळपट मळाचा लोट पाण्यात उतरतो. इतका मळ नाकावर वागवत होतो हे पाहून गिऱ्हाईक जरासं ओशाळतं.

हे अल्ट्रासोनिक क्लीनर. आत ना ब्रश, ना फिरणारं पातं. टाकीच्या बुडाला फक्त एक पिझोइलेक्ट्रिक चकती चिकटवलेली असते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. त्याच्या उलट, वीज दिली की असे पदार्थ हलतात. लहान मशीनमधली चकती सेकंदाला साधारण ४०,००० वेळा थरथरते. माणसाच्या कानाची मर्यादा २०,००० च्या आसपास, म्हणजे हा मूळ आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. किरकिर येते ती टाकीची आणि बुडबुड्यांची.

खरं काम हे बुडबुडेच करतात. पाण्यातला दाब क्षणभर उतरला की बारीक पोकळ्या तयार होतात आणि दाब चढताच आतल्या आत कोसळतात. जहाजांचे पंखे अशाच पोकळ्यांनी खरवडून निघत. त्या कोसळण्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. मशीनमध्ये स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा बुडवून पाहा, थोड्या वेळात त्याला भोकं पडतात. मशीन नीट चालतंय का, हे पाहायची ही जुनी परीक्षा.

फॉइलला भोकं पाडणारं मशीन भिंगावर चालवायचं का? धडधाकट चष्म्याला थोडा वेळ चालतं. पण आपण ज्याला अजूनही ‘काच’ म्हणतो, ती आता बहुधा प्लास्टिकची असते आणि तिच्यावर चकाकी घालवणारे अतिशय पातळ थर असतात. (साध्या भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो अडवायचा लेप झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला.) लेपाला आधीच तडे गेले असतील तर मशीन ते वाढवतं. लाकडी, शिंगाच्या किंवा खडे जडवलेल्या फ्रेमा तर त्यात घालूच नयेत.

चरे मात्र या पेटीमुळे पडत नाहीत. ते पडतात सदऱ्याच्या टोकाने, पदराने, ओढणीने. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरडी काच पुसणं म्हणजे ते कण तिच्यावर घासणं.

म्हणून घरी आधी नळाखाली धूळ वाहून जाऊ द्यावी. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजू, नोजपॅड आणि काड्या चोळाव्यात. पाणी कोमट चालेल, कढत नको. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नये, त्याचंही कारण हेच. उष्णतेने प्लास्टिक फुगतं, वरचा थर तितका ताणला जात नाही आणि त्याला जाळीसारखे तडे जातात. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर सुकू देऊ नये, पांढरे डाग धरतात. पुसायला मायक्रोफायबरचं फडकं उत्तम, पण तेही अधूनमधून धुवावं लागतं, आणि सॉफ्टनर न घालता. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन चष्म्याच्या जवळपासही आणू नये. ते पॉलिकार्बोनेटची भिंगं आणि अॅसिटेटच्या फ्रेमा दोन्ही खराब करतं.

पेटीचा उपयोग बिजागरीत आणि भिंगाच्या खाचेत बसलेल्या मळासाठी, जिथे बोट पोचत नाही. फक्त तिच्या थरथरीने स्क्रू ढिले होतात. चष्मा बाहेर आला की ते घट्ट करून घ्या आणि मगच डोळ्यावर चढवा.