पेलाभर पाण्यातलं नव्हे!

“होड्याच बांधायच्या तर एवढ्या लांब कशाला गेलीस गं?” आमच्या मिरजेच्या मावशीचा हा ठरलेला प्रश्न. कोचीच्या विद्यापीठात मी नेव्हल आर्किटेक्चर शिकते, म्हणजे जहाजाचा आराखडा आणि त्यामागचं गणित. गेल्या वर्षी विद्यार्थी मंडळात शिरले. व्याख्यानं झाली. कोचीची गोदीही पाहिली. २०२२ मध्ये नौदलात आलेली ‘विक्रांत’ तिथलीच. एवढ्या मोठ्या लोखंडाला पाण्यावर उभं ठेवायचं, नुसत्या विचारानेच छाती दडपली.

मग होड्यांची स्पर्धा. दोन रात्री जागून मी छोटी होडी केली, वर ऐटदार केबिन चढवली. टाकीत सोडली मात्र, बाईसाहेब आडव्या! सगळ्यांबरोबर मीही हसले, अन् खोलीवर जाऊन रडले. आपल्याला हे जमणार नाही, परत जावं, असंच वाटलं.

एका सिनिअर ताईने स्वीडनच्या ‘वासा’ची गोष्ट सांगितली. राजाची दिमाखदार युद्धनौका, १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदराजवळ कलून बुडाली. वर भार फार! मी केबिन काढली, तळाला नट-बोल्ट भरले. होडी उभी राहिली. नंबर नाही आला, तो भाग वेगळा.

दिवाळीत मावशीला हौदापाशी नेलं. रिकामा पेला पाण्यात लवंडला. मूठभर तांदूळ घालून सोडला, तर उभा तरंगला! मावशीने पदर खोचला, “आण इकडे, मी बघते.”