हातात मावणारा वैमानिक

मॉडेल ग्लायडरचा ऑटोपायलट घरी बनवता येतो. त्यासाठी काय लागते?

■ मेंदू : एक मायक्रोकंट्रोलर. सेन्सरची आकडेवारी वाचून तो पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरला सेकंदाला अनेकदा हुकूम देतो.

■ तोल : जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो, अॅक्सेलरोमीटर खालची दिशा दाखवतो. दोन्हींचा मेळ घातला की पंख किती कलले ते कळते. या दोन्ही सेन्सरची चिप ग्लायडरच्या गुरुत्वमध्याजवळ घट्ट बसवावी.

■ उंची : समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेले की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. दाबमापक चिपवर फोमचा तुकडा ठेवावा. म्हणजे वाऱ्याच्या झोताने आकडे उड्या मारत नाहीत.

■ वीज : सर्व्हो एकदम जास्त करंट खेचतात. व्होल्टेज पडून मेंदू रीसेट होऊ नये म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर द्यावा.

■ ताबा : रिमोटचे एक बटण दाबताच नियंत्रण माणसाकडे आलेच पाहिजे. ही सोय मुख्य चिपवर अवलंबून नसावी.

■ दाखला : २००५मध्ये ‘नासा’चे अभियंते मायकेल अॅलन यांच्या चमूने १४ फूट पंखविस्ताराच्या मॉडेल ग्लायडरला उष्ण हवेचे झोत स्वतः ओळखून त्यात घिरट्या घेत वर चढायला शिकवले.

उड्डाणापूर्वी : ऑटोपायलट सुरू करून ग्लायडर हातात धरा आणि उजवा पंख खाली झुकवा. उजवे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली वळले, तरच ग्लायडर हवेत सोडा.